डॉक्टर

डॉक्टर : आधुनिक वैद्यकाचे विहित शिक्षण घेऊन रोगनिदान व रोगोपचार करणाऱ्या व्यक्तीस रूढ असलेली संज्ञा, तसेच विद्यापीठाच्या सर्वोच्च पदवीची व ती धारण करणाऱ्या विद्वानाची उपाधी. इंग्रजीमार्गे हा शब्द जगातील अनेक भाषांत गेला असून मराठीत तो तत्सम शब्दाइतका परिचित झालेला आहे. आज सामान्य व्यवहारात त्याचा पहिला अर्थच प्रमुख मानला जातो. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र दुसरा अर्थ जुना आहे. ‘बरे करणारा’ हा अर्थ मूळ शब्दात नव्हता. ‘शिकविणारा’ एवढाच होता. अध्यापकवाचक शब्द चिकित्सकवाचक कसा झाला आणि तो कोणी धारण करावा याविषयी वाद का झाले, याचा इतिहास हा बऱ्याच अंशी रोग्याने कोणावर विश्वास ठेवावा या प्रश्नाचा इतिहास आहे.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ : लॅटिन भाषेतील ‘डोकेरे’ (शिकविणे) या धातूपासून ‘डॉक्टर’ हे कर्तृवाचक नाम बनले. ‘डॉक्ट्रिन’ (शिकवण, सिद्धांत) व ‘डोसाइल’ (शिकविण्यास सोपा, आज्ञाधारक) हे इंग्रजी शब्द त्याच धातूचे. ‘डॉक्युमेंट’ हा शब्दही त्याच कुळातील असून त्याचा मूळ अर्थ ‘धडा’ किंवा ‘दाखला’ असा होता. प्राचीन रोममध्ये कोणत्याही विषयाच्या शिक्षकास डॉक्टर म्हणत. द्वंद्वयोद्ध्यांना शस्त्रविद्या शिकविणाऱ्या उस्तादांनाही हीच संज्ञा होती. रोग्यावर उपचार करणाऱ्यास रोमन लोक ‘मेडिकस’ म्हणत व तो ‘बरे करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द होता. रोममधील अनेक मेडिकस ग्रीक वंशाचे व दास किंवा मुक्त केलेले दास असत. त्यामुळे उच्चवर्गीय रोमनांच्या दृष्टीने त्या व्यवसायाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. डॉक्टर व मेडिकस हे दोन शब्द त्या काळी निरनिराळ्या सामाजिक स्तरांत वावरत होते.

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर डॉक्टर या शब्दास धार्मिक वजन प्राप्त झाले. धर्मतत्त्वांचे अधिकारी विवरण करणाऱ्या आचार्यांना चर्चचे डॉक्टर म्हणू लागले. पश्चिमेकडील चर्चमध्ये अँब्रोझ, जेरोम, ऑगस्टीन व पहिला ग्रेगरी या चौघांना हा मान मिळाला आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवा बॉनिफेस याने त्यास औपचारिक रूप दिले. इंग्रजीत हा शब्द सु. १३०० मध्ये आला तो याच अर्थाने.

विद्यापीठीय पदवी : बाराव्या शतकापासून यूरोपात विद्यापीठे उदयास आली. त्यांची रचना कारागिरांच्या श्रेणींसारखी होती. उमेदवारी पूर्ण केलेल्या कारागिरास जसा स्वतंत्र धंदा करण्याचा हक्क मिळे, तसा अभ्यास पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यास अध्यापनाचा परवाना मिळे. हा परवाना मिळालेल्यास पॅरिस येथे बहुधा ‘मॅजिस्टर’ व बोलोन्या येथे ‘डॉक्टर’ म्हणत. आरंभी या दोहोंत दर्जाचा भेद नव्हता. बोलोन्या हे कायद्याच्या अध्ययनाचे केंद्र असल्याने तेथील पहिले ख्यातनाम डॉक्टर विधिज्ञ होते. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११५८ मध्ये राँकाल्या येथे भरविलेल्या सभेत राजाधिकारांविषयी ज्यांचा सल्ला घेतला, ते बोलोन्याचे ‘चार डॉक्टर’ मध्ययुगीन विधीच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. पदवीदानसमारंभात नव्या डॉक्टरला ग्रंथ, अंगठी व टोपी देण्यात येई. ही चिन्हे अध्यापनाच्या अधिकाराची होती.

कायदा व धर्मशास्त्र यांच्या जोडीला वैद्यक ही विद्यापीठाची तिसरी उच्च शाखा बनली, तेव्हा वैद्यकाच्या आचार्यासही डॉक्टर ही उपाधी मिळू लागली. अशा आचार्याने हिपॉक्राटीझ, गेलेन व इब्न सीना यांच्या ग्रंथांवर व्याख्याने द्यावीत, ही अपेक्षा असे. रोगी तपासणे हे त्याच्या विद्वत्तेचे एक उपयोजन होते. मात्र राज्यकर्त्यांना या विद्वत्तेच्या प्रमाणपत्रात दुसरा उपयोग दिसला. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याने ११४० मध्ये वैद्यकी करू इच्छिणाऱ्यांना राजाधिकाऱ्यांपुढे परीक्षा देणे आवश्यक केले. सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या १२३१ च्या मेल्फी येथील विधिसंहितेने व नंतरच्या पुरवणी नियमांनी हे बंधन अधिक कडक केले : तीन वर्षे तर्कशास्त्र, पाच वर्षे वैद्यक व त्यानंतर अनुभवी वैद्याच्या हाताखाली एक वर्ष काम, असा क्रम ठरला आणि परीक्षा सालेर्नो येथील आचार्यांनी घ्यावी असे ठरले. अनभिज्ञ वैद्यांमुळे प्रजेच्या जीवितास धोका पोहोचू नये, हा त्यामागील हेतू होता. शिकविण्याचा परवाना आणि उपचाराचा परवाना यांची सांगड अशा रीतीने पडू लागली.

इंग्रजीतील अर्थांतर : जुन्या इंग्रजीत वैद्याला ‘लीच’ असा शब्द होता. इंग्लंडमधील जुन्या वैद्यकीय संग्रहांपैकी दहाव्या शतकातील हस्तलिखितरूपाने उपलब्ध असलेला एक महत्त्वाचा ग्रंथ ‘बॉल्डचे लीचबुक’ म्हणून ओळखला जातो. त्यातील ‘लीच’ म्हणजे वैद्य. स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत या शब्दाचे सजातीय शब्द आजही डॉक्टरसाठी वापरले जातात आणि रशियन व पोलिश भाषांतील वैद्यवाचक शब्दही जर्मानिक भाषांतून घेतलेल्या याच मूळ शब्दापासून आलेले आहेत. इंग्रजीत मात्र तो मागे पडला. अशुद्ध रक्त शोषून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जळूचेही नाव ‘लीच’ असल्याने जुन्या अर्थाने तो शब्द वापरणे उत्तरोत्तर अप्रतिष्ठेचे वाटू लागले असावे.

त्याची जागा दोन शब्दांनी घेतली. त्यांपैकी ‘फिजिशियन’ हा निसर्गवाचक ग्रीक शब्दापासून आलेला असून निसर्गाचे ज्ञान असलेला, हा त्याचा मूळ आशय. ‘डॉक्टर’ हा दुसरा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेफ्री चॉसर याने आपल्या कँटरबरी टेल्स या काव्यातील यात्रेकरूंत एका वैद्याचा समावेश केला असून त्याचा निर्देश ‘डॉक्टर’ या शब्दापुढे वैद्यकाचे नाव जोडून केला आहे. डॉक्टर कशाचा, हे सांगणे त्या काळी आवश्यक होते, असे यावरून दिसते. पुढे हे विशेषण गळून पडले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस नुसता ‘डॉक्टर’ शब्द वैद्य या अर्थाने सामान्यपणे प्रचारात आला. कायद्याच्या किंवा धर्मशास्त्राच्या डॉक्टरशी सामान्य माणसाचा संबंध क्वचितच येई. आजारपण मात्र सर्वांच्याच वाट्यास येते. शब्दाचा अर्थ लोकव्यवहाराने ठरविला, तो असा.

तरीही सर्वच उपचारक डॉक्टर नव्हते. इंग्लंडमध्ये उपचारकांचे तीन वर्ग होते. विद्यापीठात शिकलेले व लंडनच्या १५१८ मध्ये स्थापन झालेल्या वैद्य महाविद्यालयाशी संबंधित फिजिशियन हे डॉक्टर म्हणवीत. शस्त्रक्रिया करणारे सर्जन हे उमेदवारी करून शिकलेले कारागीर मानले जात. ‘सर्जन’ या शब्दाचे मूळ ‘हातकाम’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. १५४० मध्ये लंडनमध्ये न्हावी व सर्जन यांची एक संयुक्त श्रेणी स्थापन झाली व ती १७४५ पर्यंत टिकली. अपॉथेकरी म्हणजे औषधे तयार करून विकणारे हा तिसरा वर्ग. गरीब व मध्यम वर्गांचा मुख्य आधार तोच असे. सर्जन स्वतःस ‘मिस्टर’ म्हणवीत. पुढे सर्जनांचे शिक्षण व प्रतिष्ठा फिजिशियनांच्या तोडीची झाली, तरी त्यांनी ही प्रथा अभिमानाने जपली. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेची उच्च परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती आजही बहुधा ‘डॉक्टर’ सोडून ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ अशी उपाधी लावते.

क्रियापद म्हणून ‘डॉक्टर’ हा शब्द इंग्रजीत अठराव्या शतकात आला. त्याचे उपचार करणे व डागडुजी करणे हे अर्थ चांगले आहेत. पण अन्नपेयांत भेसळ करणे, हिशेबात किंवा कागदपत्रांत फेरफार करणे आणि जनावर खच्ची करणे हेही त्याचे अर्थ आहेत. जाणत्या हाताने केलेला बदल रोग्याच्या हिताचा असतो, तसाच तो फसवणुकीचाही असू शकतो, हा लोकांचा अनुभव या अर्थछटांतून व्यक्त झाला आहे. याउलट उष्ण प्रदेशातील आल्हाददायक वाऱ्यांनाही हे नाव मिळाले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल येथे उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणाऱ्या थंड वाऱ्यास ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात.

इतर देशांतील वापर : ‘डॉक्टर’ या शब्दाची व्याप्ती सर्वत्र सारखी नाही. इटलीत विद्यापीठाच्या कोणत्याही पदवीधरास ‘दोत्तोरे’ असे संबोधतात. जर्मन भाषेत वैद्यासाठी ‘आर्त्स्ट’ हा शब्द असून तो ‘मुख्य वैद्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. तेथे डॉक्टर ही उपाधी प्रबंध लिहून मिळवावी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैद्यकाची पहिली व्यावसायिक पदवीच एम्. डी. ही आहे. संशोधनावर आधारलेली पीएच्. डी. ही पदवी जर्मन विद्यापीठांत, विशेषतः १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या प्रभावाने, विकसित झाली. अमेरिकेत येल येथे ती प्रथम १८६१ मध्ये देण्यात आली व इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९१७ मध्ये ती स्वीकारली. ब्रिटन व भारत या देशांत वैद्यकाची पहिली पदवी तांत्रिक दृष्ट्या स्नातक पदवी आहे. एम्. बी. बी. एस्. झालेल्यास डॉक्टर म्हणतात ते रूढीने. विद्यापीठाने त्यास ‘डॉक्टर’ ही पदवी दिलेली नसते.

स्त्रिया व उपाधी : शिकविण्याचा अधिकार हा या उपाधीचा गाभा असल्याने स्त्रियांना ती नाकारण्याचे कारणही त्यातच शोधले गेले. व्हेनिसच्या एलेना कोर्नारो पिस्कोपिया (१६४६–८४) हिने पादुआ विद्यापीठात धर्मशास्त्राची डॉक्टरेट मागितली, तेव्हा स्थानिक बिशपने तीस विरोध केला. धर्म शिकविण्याचा स्त्रीचा अधिकार चर्चला मान्य नव्हता. अखेर १६७८ मध्ये तिला तत्त्वज्ञानाची पदवी देण्यात आली. जर्मनीतील डोरोटेआ एर्क्सलेबेन हिने हाल विद्यापीठाची वैद्यकातील पदवी १७५४ मध्ये मिळविली, पण त्यामुळे इतर स्त्रियांना मार्ग खुला झाला नाही. एलिझाबेथ ब्लॅकवेल (१८२१–१९१०) हिने १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील महाविद्यालयातून एम्. डी. पदवी मिळविली. ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीत नाव दाखल झालेली ती पहिली स्त्री होय. तथापि ब्रिटनमधील परीक्षक संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा देणारा कायदा १८७६ पर्यंत झाला नव्हता.

महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया स्त्री वैद्यक महाविद्यालयाची एम्. डी. पदवी संपादन केली. पदवीसाठी त्यांनी हिंदू प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. भारतात परतल्यावर व्यवसायास आरंभ करण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. रखमाबाई (१८६४–१९५५) यांनी लंडन येथे शिक्षण घेऊन १८९४ मध्ये वैद्यकीय अर्हता मिळविली व पुढे सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पुरुष वैद्याकडून तपासून घेणे अशक्य असलेल्या असंख्य स्त्रियांच्या दृष्टीने ‘स्त्री डॉक्टर’ उपलब्ध होणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

नोंदणी व कायदा : ब्रिटनमधील १८५८ च्या वैद्यक अधिनियमाने या विषयाला निर्णायक वळण दिले. त्याने एक मध्यवर्ती परिषद व पात्र व्यावसायिकांची एक नोंदवही निर्माण केली. फिजिशियन, सर्जन व अपॉथेकरी या तिन्ही वर्गांतील पात्र व्यक्ती प्रथमच एका यादीत आल्या. या अधिनियमाने अशिक्षिताने उपचार करण्यास बंदी घातली नाही; आपण डॉक्टर किंवा नोंदणीकृत व्यावसायिक आहोत असा खोटा दावा करणाऱ्यास २० पौंडांपर्यंत दंड ठेवला. कायद्याने संरक्षण दिले ते नावाला. कोणाकडून उपचार घ्यावेत हे रोग्याने ठरवावे, पण त्याची नावाने फसगत होऊ नये, ही त्यामागील भूमिका होती.

भारतात मुंबई प्रांताने १९१२ मध्ये वैद्यक नोंदणीचा कायदा केला. १९१६ च्या भारतीय वैद्यक पदवी अधिनियमाने पाश्चात्त्य वैद्यकातील पदव्या देण्याचा अधिकार मान्यताप्राप्त संस्थांपुरता मर्यादित केला व अशा पदव्या खोटेपणाने लावणे दंडनीय ठरविले. आयुर्वेदीय व युनानी वैद्यांच्या नोंदणीची सोय मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने झाली. मध्यवर्ती स्तरावर १९३३ मध्ये व नंतर १९५६ च्या अधिनियमाने आलेल्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा, २०१९ च्या अधिनियमान्वये, २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. या नव्या अधिनियमाखाली नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नावाच्या संरक्षणापासून कृतीच्या नियंत्रणापर्यंत कायदा आला आहे.

भारतातील व मराठीतील प्रसार : पाश्चात्त्य वैद्यकाचे संस्थात्मक शिक्षण भारतात कलकत्ता व मद्रास येथे १८३५ मध्ये, पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात १८४२ मध्ये व मुंबईस ग्रँट वैद्यक महाविद्यालयाच्या रूपाने १८४५ मध्ये सुरू झाले. ग्रँट महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या नावामागे कायमचा जोडला गेलेला ‘डॉक्टर’ हा शब्द नव्या विद्येचे चिन्ह ठरला. मराठीत त्याची ‘डाक्तर’, ‘दाक्तर’ अशीही रूपे आढळतात. गोव्यात पोर्तुगीज ‘दोउतोर’ या शब्दावरून कोंकणीत ‘दोतोर’ असे रूप रूढ झाले. डॉक्टरी, डॉक्टरकी, डॉक्टरीण ही मराठी प्रत्ययांनी साधलेली रूपे शब्द भाषेत पूर्णपणे रुळल्याचे दर्शवितात. त्यांपैकी ‘डॉक्टरीण’ हा शब्द डॉक्टर असलेली स्त्री व डॉक्टरची पत्नी अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो.

मूळ विद्वत्तावाचक अर्थही मराठीत टिकून आहे. रा. गो. भांडारकर यांना गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये पीएच्. डी. दिली, तर बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. १९२३ मध्ये व कोलंबिया विद्यापीठाची पीएच्. डी. १९२७ मध्ये संपादन केली. महाराष्ट्रातील बहुजनसमाजाला ‘डॉक्टर’ हा शब्द औषधोपचाराशिवाय अन्य अर्थाने परिचित झाला, तो मुख्यतः आंबेडकरांच्या नावामुळे.

आधीपासून प्रचलित असलेल्या भारतीय संज्ञांचा विचार येथे उद्‌बोधक ठरतो. ‘वैद्य’ हा शब्द ‘विद्’ (जाणणे) या धातूशी संबंधित असून त्याचा मूळ अर्थ विद्यावान असा आहे. अरबीतून आलेला ‘हकीम’ म्हणजे ज्ञानी, शहाणा पुरुष. डॉक्टर म्हणजे आचार्य. तीन निरनिराळ्या परंपरांनी उपचारकाचे नाव उपचाराच्या क्रियेवरून न घेता ज्ञानावरून घेतले. चरकसंहितेत तर हा मुद्दा स्पष्टपणे मांडलेला आहे : ‘वैद्य’ हा शब्द जन्माने लाभत नाही, विद्या पूर्ण झाल्यावर भिषजाचा जणू नवा जन्म होतो व तेव्हाच तो त्यास पात्र होतो. याच ग्रंथात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. छद्मचर म्हणजे वैद्याचे सोंग घेणारे, सिद्धसाधित म्हणजे नामांकित वैद्यांच्या नावावर स्वतःची प्रतिष्ठा वाढविणारे आणि तिसरे खरोखर वैद्यगुणांनी युक्त असलेले. सुश्रुतसंहितेनेही अध्ययन व प्रत्यक्ष कर्माभ्यास पूर्ण केलेल्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसाय करावा असे सांगितले आहे.

स्वातंत्र्योत्तर भारतातील प्रश्न : ब्रिटिश अमदानीत पदवीधर डॉक्टरांच्या जोडीला अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले परवानाधारक व्यावसायिक असत. १९४६ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीने हा दुय्यम वर्ग बंद करून एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ तयार करावा अशी शिफारस केली. खेड्यांतील तुटवडा लक्षात घेता दुय्यम वर्ग चालू ठेवावा असे काही सदस्यांचे मत होते. शिफारस अंमलात आली व ‘डॉक्टर’ या शब्दास एकच किमान दर्जा मिळाला. परंतु असे डॉक्टर मुख्यतः शहरांत एकवटले. ग्रामीण भागात ज्याच्या हातून सुई टोचून घेता येते त्या प्रत्येकास, मग तो औषधमिश्रक का असेना, लोक ‘डॉक्टर’ म्हणत राहिले. २०१९ च्या अधिनियमात मर्यादित परवान्याच्या ‘सामुदायिक आरोग्य प्रदात्या’ची तरतूद करण्यात आली, तेव्हा हाच जुना वाद पुन्हा उद्‌भवला.

आयुर्वेद व होमिओपॅथी यांचे पदवीधरही भारतात डॉक्टर म्हणवितात. त्यांनी आधुनिक औषधे द्यावीत की नाही, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला. एका वैद्यकपद्धतीचे ज्ञान नसताना त्या पद्धतीने उपचार करणारा हा भोंदूच समजावा, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून विशिष्ट औषधशास्त्रीय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी व्यावसायिकांना मर्यादित मुभा देण्यात आली आणि तीवरूनही वाद झाले. हे वाद निरनिराळ्या व्यवसायांच्या हितसंबंधांचे आहेतच. तथापि दवाखान्याच्या पाटीवरील एका शब्दावर भरवसा ठेवून आत येणारा रोगी त्या शब्दामागील ज्ञान तपासून पाहू शकत नाही. ते त्याच्या वतीने कोणीतरी आधीच तपासलेले असावे, हीच अपेक्षा सालेर्नोच्या परीक्षेत, सुश्रुतसंहितेतील राजानुज्ञेत व आजच्या नोंदवहीत समान आहे. शिकविणाऱ्याचे नाव बरे करणाऱ्याला मिळाले, त्याचे ऐतिहासिक कारणही या अपेक्षेतच आढळते.